शिंगे नसलेला ‘शिंगधारी’ डायनोसॉर: त्याला या गटात बसवले ते कशावरून?

सुरसागर

२०२४ साली वर्णन झालेल्या शिंगधारी डायनोसॉरांपैकी दोघांविषयी मी नुकतेच वाचले. एक म्हणजे अमेरिकेतील मोंटाना राज्याच्या उत्तर भागात सापडलेला लोकिसेराटॉप्स. तो सुमारे ७.८ कोटी वर्षांपूर्वीचा आहे, त्याची लांबी पावणेसात मीटरच्या आसपास आणि वजन पाच टनांच्या घरात असावे, आणि त्याच्या मानेवरील झालरीच्या कडेला पात्यांसारखी प्रचंड शिंगे आहेत. दुसरा म्हणजे जपानमधील ह्योगो प्रांतातला सासायामाग्नोमस. तो सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वीचा असून जेमतेम ८० सेंटिमीटर लांबीचा आहे. त्याची कवटीची तुकड्यातुकड्यांनी मिळालेली हाडे आणि बाकी शरीराची मोजकी हाडे एवढेच अवशेष हाती आले आहेत, आणि त्याला शिंग नाही.

चित्रे आणि मथळे लोकिसेराटॉप्सच्या वाट्याला आले, ते स्वाभाविकच आहे. माझे मत मात्र असे आहे की, या गटाचा इतिहास समजून घ्यायचा असेल तर जपानमधला छोटा प्राणी अधिक मोलाचा आहे. बडोद्यातील आमच्या वाचनगटात हा विषय मांडला, तेव्हा पहिलाच प्रश्न असा आला की ज्याला शिंग नाही, मानेवर म्हणावी तशी झालर नाही आणि ज्याचा आकार कुत्र्याएवढाही नाही, त्याला ट्रायसेराटॉप्सच्या गटात बसवायचे ते कशाच्या आधारावर? जाणकारांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

भूस्तर

चांगला प्रश्न आहे. याचे उत्तर शिंगांत नाही, चोचीत आहे.

वनस्पतिभक्षक डायनोसॉरांच्या ज्या मोठ्या शाखेला ऑर्निथिशिया म्हणतात, त्या शाखेतील सर्व प्राण्यांच्या खालच्या जबड्याच्या टोकाला एक जादा हाड असते. शिंगधारी गटाचे वेगळेपण असे की वरच्या जबड्याच्या टोकालाही त्यांना तसेच एक स्वतंत्र हाड आहे, ज्याला रोस्ट्रल असे नाव आहे. हे हाड अन्य कोणत्याही डायनोसॉरात आढळत नाही. दोन्ही हाडांवर शृंगद्रव्याचे आवरण चढून पोपटासारखी मजबूत चोच तयार होत असे. त्याच्या जोडीला दुसरी खूण गालाच्या हाडांची आहे. ही हाडे दोन्ही बाजूंना इतकी बाहेर आलेली असतात की कवटी वरून पाहिली तर त्रिकोणी दिसते.

या दोन खुणा सर्वांत आधी कोठे दिसतात? चीनच्या शिनजियांग प्रांतातील जुंगर खोऱ्यात सापडलेल्या यिनलाँगमध्ये. त्याचे वर्णन २००६ साली झाले. तो ज्युरासिक काळाच्या उत्तरार्धातला, म्हणजे सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीचा, दोन पायांवर चालणारा आणि सव्वा मीटर लांबीचा प्राणी होता. त्याच्या डोक्यावर शिंगाचा मागमूसही नाही, पण रोस्ट्रल हाड आहे. विशेष म्हणजे त्याच्या कवटीच्या मागील भागात जाड टाळूच्या पॅकिसेफॅलोसॉरांशी जुळणारी काही लक्षणेही आहेत. हे दोन गट एकमेकांचे निकटचे नातलग असावेत, असे शरीररचनेवरून आधीपासून मांडले जात होते, आणि यिनलाँगच्या कवटीने त्या मांडणीला बळ दिले.

कपाळावर खरीखुरी शिंगे असलेले प्राणी आपल्याला सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत भेटतात. म्हणजे पहिल्या ज्ञात चोचीपासून पहिल्या ज्ञात शिंगापर्यंत सुमारे ७ कोटी वर्षे गेली. डायनोसॉर नष्ट झाले त्याला आज ६.६ कोटी वर्षे झाली आहेत. या गटाने शिंगांवाचून काढलेला काळ त्याहूनही मोठा आहे.

रावपुरा_वाचक

हा शेवटचा परिच्छेद वाचून मी थबकलो. आजवर मला वाटत आले होते की शिंगे हीच या गटाची सुरुवात आहे.

प्राणिशास्त्र_शिक्षिका

भूस्तर यांनी लिहिलेल्या मुद्द्यात एक भर घालते. वर्गीकरण करताना आपण प्राण्याची सर्वांत नजरेत भरणारी गोष्ट पाहत नाही, वारशाने आलेली समान खूण पाहतो. एखाद्या वंशातील सर्व प्राण्यांमध्ये असलेली आणि बाहेरच्या कोणातही नसलेली खूण सापडली, की तो वंश एका पूर्वजापासून आला असे म्हणण्याला आधार मिळतो. शिंगे त्या कसोटीला उतरत नाहीत, कारण ती वंशाच्या एकाच फांदीवर, फार उशिरा उगवली आहेत.

शाळेत मुलांना हे सांगताना मी गाईच्या शिंगाचे उदाहरण घेते. गाईच्या शिंगात आत हाडाचा गाभा असतो आणि वर शृंगद्रव्याचे आवरण असते. ते आवरण सहसा टिकत नाही, गाभा टिकतो. डायनोसॉरांच्या बाबतीतही जीवाश्मरूपाने आपल्याला गाभाच मिळतो, त्यामुळे जिवंतपणी लोकिसेराटॉप्सची शिंगे संग्रहालयातील सांगाड्यावर दिसतात त्यापेक्षा लांब आणि अधिक टोकदार असणार. चोचीचेही तसेच आहे. हाडावरून दिसणाऱ्या चोचीपेक्षा प्रत्यक्षातील चोच मोठी आणि धारदार होती.

दांडियाबाजार

दोन्ही प्रतिसाद आवडले. यावरून क्रम सरळ लागतो असे वाटते: आधी यिनलाँग, मग सिटॅकोसॉरस, मग छोटी झालर असलेला प्रोटोसेराटॉप्स, मग कपाळावर शिंगे आलेला झुनिसेराटॉप्स आणि शेवटी ट्रायसेराटॉप्स. लहानाचा मोठा, दोन पायांचा चार पायांचा, बिनशिंगांचा शिंगांचा. उत्क्रांतीचे इतके स्वच्छ उदाहरण दुसऱ्या कोणत्या गटात क्वचितच मिळेल.

भूस्तर

दांडियाबाजार, हा क्रम पुष्कळ पुस्तकांतील चित्रांत असाच रांगेत मांडलेला असतो, पण खडकांच्या वयाशी तो जुळत नाही.

प्रोटोसेराटॉप्स हा मंगोलियातील गोबी वाळवंटातला प्राणी आहे. अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीच्या मोहिमेला त्याचे पहिले अवशेष १९२२ साली मिळाले आणि १९२३ साली त्याचे नामकरण झाले. त्याचा काळ साधारण ७.५ ते ७.१ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. न्यू मेक्सिकोतील झुनिसेराटॉप्स मात्र सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीचा आहे, आणि त्याच्या कपाळावर दोन व्यवस्थित शिंगे आहेत. सुरसागर यांनी उल्लेखलेला लोकिसेराटॉप्ससुद्धा प्रोटोसेराटॉप्सच्या आधीचा आहे. म्हणजे गोबीत बिनशिंगांचा प्रोटोसेराटॉप्स वावरत होता, त्याच्या कितीतरी आधी अमेरिकेत पाच टनांचे शिंगधारी कळप चरत होते. प्रोटोसेराटॉप्स हा त्यांचा आजोबा नसून चुलत घराण्यातला आहे.

याहून बोलके उदाहरण लेप्टोसेराटॉप्सचे आहे. कॅनडातील आल्बर्टा प्रांतात सापडलेल्या या प्राण्याचे वर्णन १९१४ साली झाले. तो छोटा आणि बिनशिंगांचा होता, आणि डायनोसॉरांच्या अखेरच्या काळात, ट्रायसेराटॉप्सच्याच जोडीने, त्याच खंडात जगत होता. शिंगे येणे ही जर सर्वांनी चढायची पायरी असती, तर लेप्टोसेराटॉप्स तेथे असण्याचे कारण नव्हते.

सिटॅकोसॉरसही कोणाच्या वाटेवरचा थांबा नाही. त्याच्या पुढच्या पायाला चारच बोटे आहेत, तर नंतरच्या शिंगधाऱ्यांना पाच आहेत. गेलेले बोट परत येणे अवघड, म्हणून त्याची फांदी वेगळीच धरावी लागते.

दांडियाबाजार

लेप्टोसेराटॉप्सचा मुद्दा निर्विवाद आहे. तरीही एक शंका उरते. दोन पायांवरून चार पायांवर येणे हा बदल तरी सर्वत्र एकाच दिशेने झाला का?

प्राणिशास्त्र_शिक्षिका

सिटॅकोसॉरसच्या बाबतीत याचे उत्तर फार सुंदर आहे. त्याच्या वेगवेगळ्या वयांच्या हाडांचे पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले आणि २०१३ साली ते संशोधन प्रसिद्ध झाले. पिल्ले चार पायांवर चालत आणि मोठी झाल्यावर दोन पायांवर येत, असे त्यातून दिसले. लहानपणी पुढचे पाय वेगाने वाढत, नंतर मागच्या पायांची वाढ पुढे निघून जाई. पुढे जाऊन हा वंश कायमचा चार पायांवर आला, तेव्हा चार पायांची चाल त्याच्या बालपणात आधीपासून उपलब्ध होती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दोन्ही घटनांचा थेट संबंध सिद्ध झालेला नाही, पण विचार करायला जागा आहे.

सिटॅकोसॉरसविषयी लिहावे तेवढे थोडे आहे. त्याचे शेकडो नमुने मिळाले आहेत. फ्रँकफर्टच्या सेंकेनबर्ग संग्रहालयातील एका नमुन्यावर त्वचा टिकून आहे, शेपटीवर उभ्या केसांसारखी लांब राठ तंतूंची रांग आहे, आणि २०१६ साली त्याच्या रंगद्रव्याच्या अवशेषांवरून त्याची पाठ गडद आणि पोट फिके होते असे दाखवण्यात आले. झाडांच्या सावलीत वावरणाऱ्या प्राण्याला अशी रंगसंगती लपायला उपयोगी पडते. त्याच काळातील रेपेनोमॅमस या सस्तन प्राण्याच्या पोटात सिटॅकोसॉरसच्या पिल्लाची हाडे मिळाली, आणि त्यावरचे संशोधन २००५ साली प्रसिद्ध झाले. डायनोसॉरांच्या काळातील सस्तन प्राणी केवळ किडे खाऊन बिळात दडत होते, ही समजूत त्या एका जीवाश्माने मोडली.

आजवा

मी गेल्या हिवाळ्यात घरच्यांसह बालासिनोरजवळच्या रैयोलीला जाऊन आलो. बडोद्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. तेथील संग्रहालयात राजासॉरसच्या डोक्यावरही शिंग दाखवले आहे. माझ्या भाच्याने विचारले, “मामा, मग हा ट्रायसेराटॉप्सचा कोण?” मला उत्तर देता आले नाही. शिवाय भारतात ट्रायसेराटॉप्सचा एखादा नातलग सापडला आहे का, हेही कोणी सांगावे.

भूस्तर

आजवा, भाच्याला सांगा की कोणीच नाही, आणि त्यामागचे कारणही सांगा, कारण ते या धाग्याच्या मूळ प्रश्नाशी जोडलेले आहे.

राजासॉरसचे वर्णन २००३ साली झाले. तो मांसाहारी होता आणि आबेलिसॉरिड या घराण्यातला होता. त्याच्या डोक्यावरचा उंचवटा नाकाच्या आणि कपाळाच्या हाडांपासून बनलेला असून तो आखूड आणि बोथट आहे. मादागास्करच्या माजुंगासॉरसच्या डोक्यावरही असाच उंचवटा आहे आणि ते दोघे नात्यातले आहेत. राजासॉरसला चोचीचे हाड नाही, त्याचे दात मांस फाडण्याचे आहेत आणि कमरेच्या हाडांची रचनाही वेगळ्या शाखेची आहे. निव्वळ शिंगावरून गट ठरवला असता, तर आपण राजासॉरस आणि ट्रायसेराटॉप्स यांना एकत्र बसवले असते आणि सासायामाग्नोमसला बाहेर काढले असते, आणि दोन्ही निर्णय चुकले असते. आपल्या दारातला हा प्राणी त्या कसोटीचा कमकुवतपणा फार चांगला दाखवतो.

भारतात शिंगधारी गटाचा खात्रीलायक पुरावा मिळालेला नाही. नर्मदेच्या खोऱ्यातील लॅमेटा स्तरांत जबलपूरपासून धार जिल्ह्यातील बागपर्यंत आणि पुढे आपल्या खेडा-महीसागर पट्ट्यापर्यंत मिळालेल्या हाडांत आणि अंड्यांत मुख्यतः लांब मानेचे टायटॅनोसॉर आणि आबेलिसॉरिड घराण्यातील मांसभक्षक आहेत. धार जिल्ह्यातील टायटॅनोसॉरांच्या ९२ घरट्यांचे आणि २५६ अंड्यांचे संशोधन २०२३ साली प्रसिद्ध झाले, तेही याच चित्रात बसते.

शिंगधारी वंश आशियात जन्मला आणि वाढला, तेव्हा भारत आशियाचा भाग नव्हता. तो दक्षिणेकडील गोंडवनाच्या खंडांबरोबर होता आणि मध्ये टेथिस समुद्र होता. सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी मादागास्करपासूनही तुटून तो एकटा उत्तरेकडे सरकू लागला. तो आशियाला भिडला तोपर्यंत डायनोसॉर संपून गेले होते.

विश्वामित्री_काठ

दक्षिण गोलार्धात एकही शिंगधारी नाही, असे ठामपणे म्हणता येईल का? अर्जेंटिनातून १९१८ साली नोटोसेराटॉप्सचे वर्णन झाले होते आणि ऑस्ट्रेलियातून २००३ साली सेरेंडिपासेराटॉप्सचे.

भूस्तर

दोन्ही नावे योग्य आहेत, पण पुरावा तुटपुंजा आहे. अर्जेंटिनाचा नमुना म्हणजे दात नसलेला जबड्याचा तुकडा होता, आणि तोही नंतर हरवला. ऑस्ट्रेलियाचा नमुना म्हणजे पुढच्या पायाचे एकच हाड आहे. नंतरच्या तपासणीत ते चिलखती डायनोसॉरांच्या हाडाशी अधिक जुळते असे मत पुढे आले. या दोन हाडांवर एका संपूर्ण वंशाचे दक्षिणेतील वास्तव्य उभे करणे मला पटत नाही. उद्या एखादी कवटी मिळाली, तर मत बदलायला मी आनंदाने तयार आहे.

विश्वामित्री_काठ

मान्य. आता माझा मूळ आक्षेप मांडतो. वर सर्वांनी शिंगे ही जणू दुय्यम गोष्ट आहे असा सूर लावला आहे. गट ठरवण्यापुरते ते खरे असेल, पण शिंगे आल्यानंतर या वंशाचे जे झाले ते पाहा. लोकिसेराटॉप्स जेथे सापडला, त्या परिसरातील त्याच काळाच्या खडकांतून त्याच्यासह पाच शिंगधाऱ्यांची नोंद आहे. प्रत्येकाच्या झालरीची घडण वेगळी आहे. कोणाची शिंगे कपाळावर लांब, कोणाच्या झालरीला आकडे, आणि पुढे पॅकिरायनोसॉरसमध्ये तर नाकावर शिंगाऐवजी हाडाची जाड गादी आली. एवढे वैविध्य शत्रूपासून बचाव करण्यासाठी लागत नाही, कारण बचावाला जे उत्तम ते सर्वांना सारखेच उत्तम ठरले असते. म्हणून शिंगे आणि झालर हे जोडीदाराला आणि प्रतिस्पर्ध्याला दाखवण्याचे साधन होते, असे माझे मत आहे, आणि नव्या जाती निर्माण होण्याचा वेग त्यामुळेच वाढला असावा.

प्राणिशास्त्र_शिक्षिका

मताशी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण ‘बचाव की प्रदर्शन’ अशी सरळ विभागणी करू नये. २००९ साली ट्रायसेराटॉप्स आणि सेंट्रोसॉरस यांच्या कवट्यांवरील जखमांची तुलना प्रसिद्ध झाली. ट्रायसेराटॉप्सच्या झालरीच्या बाजूच्या हाडावर बऱ्या झालेल्या जखमांचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक निघाले. दोन नर किंवा दोन प्रतिस्पर्धी समोरासमोर येऊन शिंगे अडकवत असतील, तर जखमा नेमक्या तेथेच होतील. म्हणजे ट्रायसेराटॉप्सची शिंगे निव्वळ मिरवण्यासाठी नव्हती.

तुमच्या बाजूनेही पुरावा आहे, आणि तो बिनशिंगांच्या प्रोटोसेराटॉप्सकडून येतो. त्याची पिल्ले, वाढती वयाची आणि पूर्ण वाढलेली अशी सर्व वयांची उदाहरणे उपलब्ध आहेत. शरीराच्या मानाने झालर वयात येताना अधिक वेगाने वाढते, असे त्यांत दिसते. जी गोष्ट पिल्लाला नको असते आणि वयात आल्यावर एकदम मोठी होते, ती बहुधा प्रजननाच्या व्यवहाराशी जोडलेली असते. म्हणजे दाखवण्याची सुरुवात शिंगांनी नव्हे, झालरीने झाली असावी.

दांडियाबाजार

पाच जाती एकाच परिसरात, हे ऐकून मला संशय येतो. वयानुसार झालरीचा आकार इतका बदलत असेल, तर त्या पाच जाती नसून कमी जातींची वेगवेगळी वये किंवा वेगवेगळ्या व्यक्ती असू शकतील.

सुरसागर

हा संशय अभ्यासकांमध्येही आहे. लोकिसेराटॉप्सची मांडणी एकाच सांगाड्यावर आधारलेली आहे, आणि त्याच्या झालरीच्या दोन्ही बाजू एकसारख्या नाहीत. वर्णन करणाऱ्यांनी ही विषमता नोंदवली आहे, तर काही अभ्यासकांना हा प्राणी मेडुसासेराटॉप्ससारख्या आधी माहीत असलेल्या जातीचाच एखादा वेगळा दिसणारा नमुना असावा असे वाटते. असाच वाद २०१० साली टोरोसॉरसवरून झाला होता. तो म्हणजे पूर्ण म्हातारा ट्रायसेराटॉप्सच, अशी मांडणी तेव्हा करण्यात आली आणि तिला पुष्कळांनी विरोध केला. मला स्वतःला टोरोसॉरस वेगळा वाटतो, कारण त्याचे अजून पूर्ण न वाढलेले वाटणारे नमुने असल्याचे सांगितले गेले आहे.

पण या वादात आपण जपानला विसरत आहोत. मूळ टिपेत मी म्हटले होते की छोटा प्राणी अधिक मोलाचा आहे, त्याचे कारण आता लिहितो.

उत्तर अमेरिकेतील सर्वांत जुना निःसंशय शिंगधारी म्हणजे मोंटानातला ॲक्विलॉप्स. त्याची कवटी १९९७ साली मिळाली आणि वर्णन २०१४ साली झाले. ती कवटी फक्त ८४ मिलिमीटर लांबीची आहे, म्हणजे तळहातावर मावेल एवढी. तो साधारण साडेदहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. प्रश्न असा होता की त्याचे भाईबंद कोठे होते आणि तो तेथे कसा पोहोचला. सासायामाग्नोमसच्या हाडांची तुलना केल्यावर त्याचे नाते ॲक्विलॉप्सशी जवळचे निघाले, आणि वयाने तो थोडा आधीचा आहे. पूर्व आशियाच्या काठावर एक छोटा बिनशिंगांचा प्राणी आणि काही लाख वर्षांनी समुद्रापलीकडे त्याचा नातलग, असे हे चित्र आहे. त्या काळात हवामान उष्ण होते, उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातही जंगले होती, आणि आजच्या बेरिंग सामुद्रधुनीच्या जागी जमिनीचा सांधा तयार होत होता. कुत्र्याहून लहान प्राण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सरकत सरकत तो ओलांडला असणार.

भूस्तर

येथे एक काळजी घ्यावी. ‘काही लाख वर्षे’ हे अंतर दोन्ही बाजूंच्या खडकांच्या वयातील अनिश्चितता धरली तर बरेच मोठे असू शकते, म्हणून ‘काही दशलक्ष वर्षे’ म्हणणे अधिक सुरक्षित ठरेल. स्थलांतराच्या मुद्द्याला मात्र माझा पूर्ण पाठिंबा आहे, आणि ते एकदाच झाले नाही. ॲक्विलॉप्सची फांदी एकदा गेली, लेप्टोसेराटॉप्सच्या घराण्याचा इतिहास निराळा आहे, आणि मोठ्या शिंगधाऱ्यांचे पूर्वज स्वतंत्रपणे गेले असावेत. उलट प्रवासही झाला. चीनच्या शानडोंग प्रांतातून २०१० साली वर्णन झालेला सिनोसेराटॉप्स हा मोठा शिंगधारी आहे, आणि त्याचे जवळचे नातलग अमेरिकेतच आहेत.

रावपुरा_वाचक

मग ट्रायसेराटॉप्सचे पूर्वज ॲक्विलॉप्सचे वंशज होते की नव्हते, एवढे एक स्पष्ट करावे.

भूस्तर

सध्याच्या विश्लेषणानुसार नव्हते. ॲक्विलॉप्स बाजूच्या फांदीवर येतो. कपाळाच्या शिंगांची सुरुवात शोधायची तर उझबेकिस्तानचा तुरानोसेराटॉप्स आणि न्यू मेक्सिकोचा झुनिसेराटॉप्स यांच्याकडे पाहावे लागते. दोघेही सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, दोघांनाही कपाळावर शिंगे आहेत, आणि ते एकमेकांपासून अर्धी पृथ्वी दूर आहेत. म्हणजे शिंगे त्यांच्याही आधी, आशियात किंवा अमेरिकेत, कोठेतरी आली होती.

अडचण अशी की ॲक्विलॉप्स आणि झुनिसेराटॉप्स यांच्यामधील सुमारे दीड कोटी वर्षांच्या खडकांतून या वंशाच्या चांगल्या कवट्या फारच थोड्या मिळाल्या आहेत. चोच, गाल, झालर आणि शिंग यांपैकी चौथी गोष्ट नेमकी त्याच काळात घडली. सासायामाग्नोमस त्या रिकाम्या जागेच्या अलीकडच्या काठावर उभा आहे. मोंटानातील आणखी एका झालरीपेक्षा पलीकडच्या काठाकडे नेणारी दहा कोटी वर्षांपूर्वीची एखादी कवटी, मग ती कोणत्याही खंडातली असो, मला अधिक पाहावीशी वाटते.

आजवा

भाच्याला राजासॉरसचे उत्तर दिले. आता त्याचा प्रश्न असा आहे की, ती दहा कोटी वर्षांपूर्वीची कवटी शोधायला कोणत्या देशात जावे?

भूस्तर

उझबेकिस्तान, मंगोलिया, चीन, आणि अमेरिकेत युटा. त्याला भूशास्त्राचा नकाशा वाचायला आतापासून शिकवा. आमच्या येथील नमुने पाहायचे असतील, तर सुट्टीत घेऊन या.